गालांवरची लाली : रंगाची निवड, प्रमाण आणि अहिंसा

व्यापारी घरातील माणूस दुकानासाठी माल घेताना तीन प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. माल कशाचा आहे, आला कोठून, आणि टिकणार किती? कापड असो, धान्य असो वा भांडी असोत, ही चौकशी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. स्वयंपाकघरात तर हीच दक्षता अधिक कडक होते. बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय तो पुडा घरात येत नाही आणि मिठाईवरच्या वर्खाचीही विचारपूस होते. परंतु त्याच घरातील लेकी-सुना लग्नसराईच्या तोंडावर ठाण्याच्या गोखले रोडवर, कल्याणच्या बाजारात किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर प्रसाधने घ्यायला जातात, तेव्हा गालांना लावायच्या ब्लशविषयी दोनच प्रश्न विचारले जातात : रंग शोभेल का, आणि किंमत काय? हा रंग कशापासून केला, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

तो विचारण्याचे कारण मात्र सबळ आहे. ब्लशमधील गुलाबी-लाल रंग अनेकदा किड्यांपासून काढलेला असतो. म्हणून या लेखात दोन गोष्टींचा एकत्र विचार केला आहे. पहिली, गालांवर सहज, स्वाभाविक वाटेल अशी लाली कशी निवडावी व कशी लावावी. आणि दुसरी, ती लाली जैन घराच्या आचारात बसते की नाही हे दुकानातच कसे ओळखावे.

रंगाचा उगम

कोचिनील नावाचा एक सूक्ष्म कीटक निवडुंगाच्या फडांवर जगतो. त्याच्या माद्या गोळा करून वाळवतात, त्यांतील रंगद्रव्य काढतात आणि तुरटीसारख्या क्षारांच्या योगाने त्याचा गडद लाल रंग तयार करतात. या रंगाला कार्माइन म्हणतात. एक किलो वाळवलेल्या मालासाठी सुमारे दीड लाख किडे लागतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर हा रंग युरोपात पोहोचला आणि लवकरच चांदीच्या तोलाचा व्यापारी माल ठरला. स्पेनने त्याचे रहस्य इतके जपले की वाळलेले ते दाणे बी आहेत की कीटक, याविषयी युरोपात दीर्घकाळ वाद चालला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासमध्ये निवडुंग लावून या किड्यांची पैदास करण्याचा प्रयत्न केला, पण तो व्यापार काही यशस्वी झाला नाही. आज या रंगाचे सर्वाधिक उत्पादन दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात होते.

आपल्या देशातही कीटकजन्य लाल रंग नवा नाही. लाखेचे किडे झाडांच्या फांद्यांवर राळेचे कवच बनवतात. त्यापासून लाख मिळते आणि तिच्यातील लाल रंगापासून पूर्वी अळता करीत. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा, म्हणजे लाखेच्या व्यापाराचा, स्पष्ट उल्लेख आहे. जो माल विकणेही वर्ज्य मानले गेले, त्याच जातीचा माल नकळत गालांवर लावला जावा, यातील विसंगती सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईल. कीटक हे त्रस जीव आहेत, आणि त्रस जीवांच्या संकल्पपूर्वक हिंसेपासून दूर राहणे हा अहिंसा अणुव्रताचा गाभा आहे.

डबीच्या मागचा मजकूर

खाद्यपदार्थांवरील शाकाहारी व मांसाहारी खुणांची सवय आपल्याला २००१ च्या अधिसूचनांनंतर लागली. त्या खुणांसाठी ज्या संस्थांनी चिकाटीने प्रयत्न केले, त्यांत पुण्याची ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था अग्रभागी होती. मूळ चळवळ ब्रिटनमध्ये लेडी मुरिएल डाउडिंग यांनी सुरू केली. भारतातील शाखा १९७४ मध्ये डायना रत्नागर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. वर्खाच्या निर्मितीत जनावरांच्या आतड्यांचा व कातड्याचा कसा वापर होतो, हेही या संस्थेने लोकांपुढे मांडले. पुढे २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख बनवताना प्राणिजन्य साहित्य वापरण्यास मनाई केली.

सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत मात्र ठिपका खाद्यपदार्थांइतका सार्वत्रिक नाही. काही कंपन्या हिरवा ठिपका छापतात, पण पुष्कळ डब्यांवर कोणतीच खूण सापडत नाही. अशा वेळी घटकांची यादी वाचणे हाच उपाय. यादीत रंग नावाने न लिहिता बहुधा ‘सीआय’ ही दोन इंग्रजी अक्षरे व त्यापुढे पाच आकडे असे लिहिलेले असतात. त्यांपैकी थोडे आकडे वहीत टिपून ठेवले तरी काम भागते.

७५४७० म्हणजे कार्माइन. हा आकडा दिसला की डबी परत ठेवावी. ७५१७० म्हणजे ग्वानिन, माशांच्या खवल्यांपासून मिळणारी मोत्यासारखी चमक. तीही वर्ज्य. याउलट ७७४९१, ७७४९२ व ७७४९९ हे अनुक्रमे लाल, पिवळा व काळा लोहऑक्साइड. हे खनिज रंग असून प्रसाधनांसाठी ते कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार केले जातात. ७७८९१ हा टायटॅनियमचा पांढरा रंग आणि ७७०१९ म्हणजे अभ्रक. १५८५० व ४५४१० हे रासायनिक पद्धतीने बनवलेले लाल व गुलाबी रंग होत. त्यांत किडे नसतात.

रंगाखेरीज इतर घटकही पाहावे लागतात. मलईसारख्या ब्लशमध्ये मधमेण असू शकते. जे घर मध वर्ज्य मानते, त्याने मधमेणाचाही विचार करणे ओघानेच आले. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून मिळते. स्क्वालेन शार्क माशाच्या यकृतातूनही काढतात आणि वनस्पतींपासूनही. ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल यांचेही तसेच. ते वनस्पतीचे की प्राण्याचे, हे नावावरून कळत नाही. शंका असल्यास उत्पादकाला लेखी विचारावे. प्रामाणिक उत्पादक उत्तर देतो, आणि पत्रव्यवहाराची सवय तर व्यापारी घराला असतेच.

येथे एक घोटाळा आवर्जून टाळला पाहिजे. डबीवर ‘क्रुएल्टी-फ्री’ असे लिहिलेले असते, याचा अर्थ सामान्यतः इतकाच की त्या मालाची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. आत कार्माइन नाही असा त्याचा अर्थ होत नाही. प्राण्यांवर प्रसाधनांची चाचणी करण्यास भारतात २०१४ पासूनच बंदी आहे, आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेली प्रसाधने आयात करण्यासही बंदी घालण्यात आली. म्हणजे हे शब्द आपल्याला नवे काही सांगत नाहीत. प्राणिजन्य घटक नाहीत असे सांगणारा शब्द ‘व्हीगन’ हा आहे, आणि तो दिसला तरी यादीवरून एकदा नजर फिरवावी.

डबीइतकाच विचार ब्रशचाही करावा. मऊ म्हणून वाखाणले जाणारे कित्येक ब्रश बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे ब्रश आज तितकेच मऊ मिळतात, धुतल्यावर लवकर वाळतात आणि मलईसारखा ब्लश शोषून घेत नाहीत.

घरगुती उपायांविषयी सावधगिरी

‘नैसर्गिक’ लालीची जी कृती आजकाल सर्वत्र सांगितली जाते, ती बहुतेक वेळा बिटाच्या भुकटीची असते. परंतु बीट हे कंदमूळ. जे ताटात वर्ज्य, ते गालांवर चालते का, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या नियमांनुसार सोडवावा. त्याच कृतीत घालायला सांगितलेला आरारूटही कंदापासूनच होतो, याचा अनेकांना विसर पडतो. गुलाबपाकळ्यांची किंवा जास्वंदीची भुकटी आचाराच्या दृष्टीने सोयीची वाटते, पण फुलांचे रंग फार टिकत नाहीत, आणि ओल लागली की भुकटीला बुरशी येते. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे फार लवकर घडते.

कुंकू गालांवर चोळण्याची जुनी सवयही सोडलेली बरी. पूर्वीचे कुंकू हळदीपासून होई. आज बाजारात मिळणाऱ्या कुंकवात अनेकदा कृत्रिम रंग असतात आणि ते चेहऱ्यासाठी बनवलेले नसतात. रांगोळीच्या दुकानातील गेरूचेही तेच. लोहऑक्साइड तोच असला, तरी त्यातील इतर अशुद्ध घटकांची कोणी तपासणी केलेली नसते. म्हणून खनिज रंगांचा, योग्य परवान्याचा, घटकांची यादी छापलेला तयार ब्लश हाच बहुतेकांसाठी सरळ मार्ग ठरतो. भारतीय मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व वापराची मुदत असते, तर परदेशी मालावर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक. यांपैकी काही नसलेली, स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणारी डबी कितीही नामांकित कंपनीची दिसली तरी घेऊ नये.

आपल्या त्वचेचा रंग ओळखणे

स्वाभाविक लाली म्हणजे काय? जिना चढून आल्यावर, हसल्यावर किंवा लाजल्यावर त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गालांवर रंग चढतो. ब्लशचे काम त्या रंगाची आठवण करून देण्याचे आहे, नवा रंग दाखवण्याचे नव्हे. म्हणून आपला खरा रंग आधी पाहून घ्यावा. डोंबिवली स्टेशनचा पूल झपझप चढून आल्यावर आरशात दिसणारे गाल याबाबतीत दुकानातील तक्त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.

गोऱ्या त्वचेवर फिकट गुलाबी किंवा पीच रंग शोभतो. गव्हाळ वर्णावर, जो आपल्याकडे बहुसंख्यांचा असतो, गुलाबाच्या पाकळीसारखा, पोवळ्यासारखा किंवा जर्दाळूसारखा रंग खुलतो. सावळ्या वर्णावर फिकट गुलाबी रंग राखेसारखा दिसतो. तेथे विटेचा, डाळिंबाचा किंवा जांभळट लाल रंगच खरा दिसतो. डबीत तो भडक वाटला तरी घाबरू नये, कारण त्वचेवर तो निम्मा मंदावतो.

वर्णाखालची छटाही महत्त्वाची. सोन्याचे दागिने अधिक खुलत असतील तर त्वचेत पिवळसर उबदार छटा असण्याची शक्यता असते, आणि अशांना पीच व विटकरी रंग जुळतात. चांदी अधिक शोभत असेल तर गुलाबी व जांभळट रंग बरे. दोन्ही सारखेच शोभत असतील तर मधला गुलाबी रंग बहुधा चुकत नाही. हे नियम अंदाजाचे आहेत, शेवटचा निर्णय उजेडातील आरशाचाच.

उजेडाचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. दुकानातील पांढरे दिवे रंग बदलून दाखवतात. जबड्याजवळ किंवा गालावर थोडा रंग लावून दुकानाबाहेर येऊन दिवसाउजेडी पाहावे. कापड निवडताना दुकानाच्या दारात येऊन रंग पाहणारे ग्राहक कपड्याच्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. तीच युक्ती येथे वापरायची. मात्र दुकानातील सर्वांनी हाताळलेली नमुन्याची डबी थेट चेहऱ्याला न लावता स्वच्छ कापसाच्या बोळ्याने वरचा थर पुसून मगच वापरावी.

भुकटी की मलई?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीची हवा वर्षातील बराच काळ दमट असते. लोकलच्या गर्दीतून कार्यालयात जाणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर मलईसारखा ब्लश तासाभरात घसरतो. तेलकट त्वचेला व उन्हाळ्याला भुकटीचा ब्लश सोयीचा. कोरड्या त्वचेवर, थंडीच्या दिवसांत आणि वयपरत्वे सुरकुत्या दिसू लागल्यावर मात्र भुकटी रेघांत बसते. तेथे मलई अधिक नितळ दिसते. क्रम चुकवू नये. मलईचा ब्लश पावडरीच्या आधी, आणि भुकटीचा ब्लश पावडरीनंतर. पावडरीवर मलई चोळली तर चट्टे पडतात.

नवी डबी घेतल्यावर कोपराच्या आतील बाजूस किंवा कानामागे थोडा ब्लश लावून एक-दोन दिवस पाहावे. खाज, पुरळ किंवा लाली आली तर तो चेहऱ्यावर लावू नये. लग्नाच्या आदल्या दिवशी कोणतेही नवे प्रसाधन पहिल्यांदा वापरणे हा तर विनाकारण ओढवून घेतलेला धोका.

लावण्याची रीत

चेहरा धुऊन, मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटे थांबावे. ब्रशचे टोक डबीवर हलकेच टेकवावे व झटकून जास्तीची भुकटी पाडावी. मग हाताच्या मागच्या बाजूस एकदा फिरवून रंग किती उतरतो ते पाहावे. नाकाच्या कडेपासून दोन बोटे अंतर सोडून, गालाच्या उंचवट्यापासून कानशिलाकडे ब्रश वरच्या दिशेने न्यावा. रंग नाकाच्या टोकाच्या पातळीखाली उतरू देऊ नये, नाहीतर चेहरा ओढल्यासारखा दिसतो. हसून उंचवटा शोधावा, पण रंग लावताना चेहरा सैल ठेवावा. हसत लावलेला रंग हसू ओसरल्यावर खाली सरकलेला दिसतो.

गोल चेहऱ्यावर रंग थोडा तिरपा कानशिलाकडे नेल्यास चेहरा रेखीव दिसतो. लांबट चेहऱ्यावर तो आडवा, गालाच्या मध्यभागी ठेवावा. चौकोनी चेहऱ्यावर उंचवट्यापाशी गोलाकार फिरवल्यास कडा मवाळ होतात. वय वाढल्यावर गाल किंचित खाली येतात, तेव्हा रंग नेहमीपेक्षा थोडा वर लावल्यास चेहरा ताजा दिसतो.

मलईचा ब्लश अनामिकेने लावावा. या बोटाचा दाब सर्वांत हलका असतो. दोन-तीन ठिपके देऊन थापटत पसरावेत, घासू नयेत. रंगाची कड कोठे संपते हे दिसता कामा नये. मग खिडकीपाशी जाऊन आरसा पाहावा. पाहणाऱ्याला प्रथम ब्लश दिसला तर तो जास्त झाला, आणि प्रथम चेहरा प्रसन्न दिसला तर तो बरोबर झाला. जास्त झाल्यास पुसत बसण्यापेक्षा स्वच्छ ब्रशने थोडी पावडर फिरवावी, रंग मंदावतो. ओठांचा रंग त्याच घराण्यातला असावा. केशरी गाल आणि जांभळे ओठ ही जोडी कृत्रिम दिसते.

रात्री ब्लश पूर्ण उतरवूनच झोपावे. ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन आडवा वाळवावा. डबीवर उघड्या बरणीचे चित्र व त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो, उघडल्यापासून तितके महिने ती वापरता येते. लग्नघरात एकाच ब्रशने दहाजणींचे गाल रंगवण्याची प्रथा टाळावी, कारण त्वचेचे व डोळ्यांचे संसर्ग अशाच वाटेने पसरतात. पार्लरमधील बाईंना आपला स्वतःचा ब्रश व आपली स्वतःची डबी देण्यात संकोच नसावा. घटकांची खात्री राखण्याचाही तोच एक मार्ग, कारण तेथील डबीत काय आहे हे ऐन वेळी कोणी वाचत नाही.

शृंगार आणि मर्यादा

जैन परंपरेने गृहस्थाला शृंगार नाकारलेला नाही, त्याला प्रमाण सांगितले आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतील भोगोपभोग परिमाण व्रत हेच सांगते. रोज धारण करावयाच्या चौदा नियमांत ‘विलेपन’ हा एक स्वतंत्र नियम आहे. आज अंगाला काय व किती लावायचे, हे सकाळीच ठरवायचे. हा नियम घेणाऱ्या श्राविकेच्या कपाटात दहा छटांच्या दहा डब्या मुदत उलटून पडत नाहीत. रोजच्यासाठी एक सौम्य छटा आणि समारंभासाठी एक किंचित गडद छटा, एवढ्यावर तिचे भागते. पर्युषणाच्या दिवसांत ती डबी बंद राहते, आणि त्यात तिला काही गमावल्यासारखे वाटत नाही.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रत स्वामींचे जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते, आणि श्रीपाल राजा व मयणासुंदरी यांच्या कथेशी ठाण्याचे नाव परंपरेने जोडलेले आहे. राजकन्या मयणासुंदरीने कुष्ठरोगाने ग्रासलेल्या श्रीपालाला पती म्हणून स्वीकारले. नवपदाच्या आराधनेने त्याची काया पुन्हा कांतिमान झाली. चैत्र व आश्विनातील आयंबिल ओळीत ही कथा दरवर्षी वाचली जाते. चेहऱ्याकडे पाहण्याची दृष्टी कशी असावी, हे त्या कथेइतके स्पष्ट क्वचितच कोठे सांगितले असेल.

लग्नसराईच्या खरेदीला निघताना म्हणून यादीत एक ओळ वाढवावी. ब्लश घेताना डबी उलटावी, ७५४७० हा आकडा शोधावा, आणि तो नसेल तरच रंगाकडे पाहावे. दुकानदार जैन असेल तर त्यालाही हे सांगावे. ग्राहक विचारू लागले की दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारतो आणि घाऊक व्यापारी कारखान्याला. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका येण्यामागेही विचारणाऱ्यांची चिकाटी होती.